शेंबूड हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक? साधी सर्दी ओळखायची कशी

सुरुवात बहुतेकदा घशापासून होते. आधी खवखव, मग शिंका, पाण्यासारखं गळणारं नाक आणि रात्री आडवं झालं की हमखास बंद होणारी एक नाकपुडी. विषाणू शरीरात शिरल्यावर साधारण १ ते ३ दिवसांत हे सुरू होतं. ७ ते १० दिवसांत बहुतेक जण बरे होतात, खोकला मात्र त्यानंतरही रेंगाळतो.

गोंधळ होतो तो शेंबडाच्या रंगावरून. तो घट्ट, पिवळा-हिरवा झाला की अनेक जण थेट मेडिकल गाठून अँटिबायोटिक मागतात. पण हा रंग संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींमुळे येतो. तेवढ्यावरून जिवाणूंचा संसर्ग ठरत नाही. सर्दीला कारणीभूत ठरणारे २०० हून अधिक विषाणू आहेत, त्यात ऱ्हायनोव्हायरस आघाडीवर. विषाणूंवर अँटिबायोटिक चालतच नाही.

मोठ्या माणसांना साध्या सर्दीत सहसा जोराचा ताप येत नाही. अचानक ताप चढला, अंग मोडून आलं, अंथरुणातून उठवेना, तर फ्लूची शक्यता जास्त. पावसाळ्यात जोराचा ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं, सांधेदुखी आणि नाक मात्र कोरडं असेल, तर डेंग्यूची तपासणी करून घ्यावी. अशा वेळी मनाने आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

श्वास लागला, छातीत दुखलं, ताप तीन दिवसांनंतरही उतरला नाही किंवा बरं वाटू लागल्यावर तब्येत पुन्हा बिघडली, तर डॉक्टरांकडे जावं. दमा किंवा मधुमेह असलेल्यांनी आणि गरोदर महिलांनी एवढी वाटही पाहू नये.