विकासप्रकल्पांचे परिणाम-मूल्यमापन : प्रवरा कालव्यापासून जयगडपर्यंत

विकासकार्याचा हिशेब आपल्याकडे प्रामुख्याने खर्चाच्या व बांधकामाच्या आकड्यांत मांडला जातो. किती निधी खर्ची पडला, किती मेगावॅट क्षमता उभी राहिली, हे दप्तरात सहज सापडते. त्या कामामुळे परिसरातील लोकजीवनात नेमका कोणता फरक पडला, याची नोंद मात्र विरळच.

महाराष्ट्रात हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने विचारणाऱ्यांत पुण्याच्या गोखले संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ अग्रणी होत. गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांची त्यांनी केलेली पाहणी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. कालव्याखालील गावांची कोरडवाहू गावांशी तुलना करणे, हे तिचे मर्म होते. कालवा नसता तर काय झाले असते, याचा अदमास त्यातूनच बांधता येतो.

हीच कसोटी रत्नागिरी जिल्ह्यातील जयगडला लावली असता अडचण ध्यानात येते. शास्त्री नदीच्या मुखाशी, जुन्या किल्ल्याच्या सान्निध्यात २००९ मध्ये खासगी बंदर कार्यान्वित झाले. पाठोपाठ २०१०-११ मध्ये प्रत्येकी ३०० मेगावॅटचे चार संच असलेले औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले. हापूसवरील परिणामांचा पुरेसा विचार न होताच मंजुरी मिळाल्याचा आक्षेप २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

हापूसचे मूल्यमापन कालव्याहून कितीतरी बिकट आहे. हे झाड मुळातच वर्षाआड भरघोस फळणारे. त्यात ढगाळ हवा, अवकाळी पाऊस, मोहोरावरचे तुडतुडे. एखाद्या हंगामात उत्पन्न घटले, तर दोष धुराड्याचा की हवामानाचा? केवळ ‘आधी’ आणि ‘नंतर’चे आकडे याचे उत्तर देत नाहीत. प्रकल्पापूर्वीच्या अनेक हंगामांची झाडनिहाय नोंद हवी. शिवाय तशीच माती, तसेच हवामान, पण धुरापासून दूर असलेल्या बागांची समांतर नोंद हवी. दुसरी नोंद उशिरा का होईना सुरू करता येते. पहिली मागाहून निर्माण करता येत नाही. तिच्या अभावी बागायतदाराची तक्रार सिद्ध होत नाही, आणि प्रकल्पाचा इन्कारही. (बागायतदाराजवळच्या विक्रीच्या पावत्या भाव सांगतात, कारण सांगत नाहीत.) अनिर्णयाची किंमत मात्र दोन्ही पक्ष सारखी मोजत नाहीत. वीजकेंद्र चालू राहते. भरपाईसाठी पुरावा बागायतदाराकडेच मागितला जातो.

धनंजयरावांचे पुत्र माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने २०११ च्या अहवालात रत्नागिरी व सिंधुदुर्गातील विकासकामांच्या एकत्रित परिणामांचा अभ्यास आवश्यक मानला. तो शक्यतो रायगड जिल्हा व गोवा यांना सोबत घेऊन व्हावा, असेही सुचविले. प्रकल्पागणिक सुटे अहवाल तयार करण्याच्या रूढ पद्धतीहून ही सूचना मूलतः भिन्न होती. बंदर आणि वीजकेंद्र कागदोपत्री दोन असली, तरी जयगडची खाडी व तिच्या भोवतालच्या बागा त्याच आहेत.