दुधातल्या विषाची कुळकथा

कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून धार काढतात आणि फेसाळ दूध तसंच प्यायला देतात. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार होऊ शकतात, ती काळजी आहेच. पण या कथेतलं विष धारोष्ण दुधात नसतं. त्याला तयार व्हायला काही तास आणि ऊब लागते.

एम. ए. बार्बर यांनी फिलिपिन्समध्ये 1914 साली हे दाखवलं. गाय दिसायला निरोगी, पण तिचं दूध उष्ण हवेत ठेवलं की पिणाऱ्याला उलट्या होत. त्यांनी ते स्वतः पिऊन खात्री केली. कासेत स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू होता. आपल्याकडे दगडी झालेल्या कासेतही तो बऱ्याचदा सापडतो. 1930 साली शिकागोत गेल डॅक यांनी जंतू गाळून काढून उरलेला द्रव स्वयंसेवकांना दिला, तेही आजारी पडले. म्हणजे आजार जंतूनं सोडलेल्या विषाचा. अर्धा तास उकळूनही ते टिकतं, म्हणून तासन्‌तास बाहेर राहिलेलं दूध नंतर आटवून उपयोग नाही.

हे विष रक्तात शिरलं तर काय करतं, ते उमगायला 1989 उजाडलं. एरवी एक पेशी जंतूचा तुकडा आपल्या रेणूच्या खाचेत धरून दाखवते आणि तो ओळखणारी टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीची एक पेशी, जागी होते. अशी दहा हजारांत एकही नसते. हे विष खाचेत जातच नाही. ते दोन्ही पेशींचे रेणू बाहेरूनच चिमट्यासारखे आवळतं. मग पाचातली एक टी पेशीसुद्धा खवळू शकते, सायटोकाइन्स या संदेशरेणूंचा लोंढा सुटतो, रक्तदाब कोसळतो. डेन्व्हरच्या फिलिपा मॅरॅक आणि जॉन कॅपलर यांच्या गटानं त्याला सुपरअँटिजेन म्हटलं.

खाचेला वळसा घालून टी पेशी जागवता येते, हेच मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं. 1994 साली स्वीडनमधल्या लुंडच्या संशोधकांनी टी पेशी कर्करोगावर वळवायला हेच विष कर्कपेशी ओळखणाऱ्या अँटीबॉडीच्या तुकड्याला जोडलं. दुसरी वाट विषाविना निघाली होती: 1985 मध्येच दोन अँटीबॉडी सांधून एक टोक टी पेशीला, दुसरं लक्ष्याला लावलं गेलं. त्याच तत्त्वावरचं ब्लिनाट्युमोमॅब हे औषध 2014 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या नेक्सकार19 मध्ये, 2023 साली मंजूर झालेल्या उपचारात, अँटीबॉडीचा तुकडा थेट टी पेशीवरच बसवलेला असतो.

लोंढ्याचं भय मात्र इथंही आहे. म्हणून उलटलेल्या रक्तकर्करोगाच्या प्रौढ रुग्णाला ब्लिनाट्युमोमॅब पहिला आठवडा दिवसाला 9 मायक्रोग्रॅमच देतात, मग 28.