वीतभर काठ

आमच्या घराण्यात काहिली घडवल्या जात. काहील म्हणजे गूळ शिजवायची अवाढव्य लोखंडी कढई. पत्र्याचे तुकडे कापायचे, कडेला भोकं पाडून तापलेल्या रिबिटा ठोकायच्या, काठाला जाड कड्या बसवायच्या. सांगलीच्या ऊसपट्ट्यात तिला एक दुसरं आयुष्यही होतं, त्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं. पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद, चुलवाण थंड. कृष्णा-वारणेला पूर आला की हीच काहील पाण्यात ढकलायची आणि तिच्यातून म्हातारीकोतारी, लेकरं, शेळ्या, धान्याची पोती पलीकडं न्यायची. पट्टीचे पोहणारे गडी कड्यांना धरून ती ढकलत नेत.

त्याआधी वाळल्या भोपळ्यांची सांगड होती. औदुंबर-भिलवडीला, हरिपूर-कोथळीला लाकडी नावा चालत. सांगलीचा आयर्विन पूल 1929 साली झाला, तोवर तिथं पलीकडं जायचं तर नावेशिवाय गत्यंतर नव्हतं. पण नाव गावोगावी नव्हती, काहील होती.

काहिलीला ना पुढची नाळ ना मागचं वरवं, म्हणून ती प्रवाहात गरगरते. बुडत मात्र सहजी नाही. हिशेब करून पाहा. आठ फूट व्यासाची काहील पाण्यावर सुमारे 50 चौरस फूट जागा व्यापते. ती एक इंच खाली जायला 118 किलोच्या आसपास वजन लागतं, म्हणजे दोन माणसं. सहा जण बसले तरी ती जेमतेम तीन इंच आणखी खाली जाते. हे बघून काठावरच्यांना वाटतं, अजून चौघं मावतील. घात होतो तो इथं. एकजण उठून उभा राहिला की एक बाजू कलते, काठ पाण्याला टेकतो, आत आलेलं पाणी कललेल्या बाजूलाच धावतं आणि तिला आणखी खाली ओढतं. सपाट तळ भार पेलतो खरा, पण माणसं वाचतात ती पाण्याच्या वर उरलेल्या काठामुळं. आमचे थोरले म्हणत, वीतभर काठ मोकळा दिसत नसेल तर एकाला उतरवा.

कोयनेच्या शिवसागर जलाशयात मात्र अशी काहील चालणार नाही. 1960 च्या दशकात धरण भरलं आणि बामणोली-तापोळ्याकडची कितीतरी गावं लाँचवर अवलंबून राहिली. तिथं लांबलचक पाण्यावर वारा लाटा उठवतो. त्या कापायला टोकदार नाळ हवी आणि तळाला कणा हवा.

पाणबुडीचं गणित तर उलटंच. पाण्याखाली तिला मोकळा काठच नसतो. दहा मीटर खोलीवर पाणी प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे 10 टनांनी दाबतं. आमच्या काहिलीला वरून झाकण घालून ती तिथवर नेली तर एकट्या तळावर 45 टनांहून जास्त भार येईल आणि सपाट पत्रा आत दबेल. म्हणून पाणबुडीचं अंग नळकांड्यासारखं गोल असतं. गोलाईत दाब सगळीकडून सारखा वाटला जातो. ती गोलाई थोडी जरी चुकली तरी कवच अपेक्षेपेक्षा कमी खोलीवर चेपतं, म्हणून आतून किंवा बाहेरून कड्यांसारख्या फासळ्या जोडतात. माझगाव डॉकमध्ये बांधलेली ‘शल्की’ 1992 साली नौदलात आली. जर्मन आराखड्याची ती पाणबुडी भारतात बांधलेली पहिली. पत्र्याशी आयुष्यभर झटलेल्या माणसाला त्या कामाचं मोल नीट कळतं. हौसेनं घरी छोटी पाणबुडी बांधणारे परदेशात आहेत. अमेरिकेच्या नौदलातून निवृत्त झालेल्या जॉर्ज किट्रिज यांनी अशा बोटींचे आराखडेही विकले. अशा हौशींनाही गोलाईपासून सुटका नाही. काठाचं काम पाणबुडीत टाक्या करतात: पाणी भरलं की खाली, दाबाची हवा सोडून पाणी हुसकलं की वर. त्या टाक्या लहान ठेवून आत जागा वाढवणं म्हणजे वीतभर काठ विकून माणसं चढवणं.

2019 च्या महापुरात सांगलीत कृष्णेनं 57 फुटांची पातळी ओलांडली. 8 ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली, 17 जण गेले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. पाणी घरात शिरलेलं असताना मागं राहा असं कुणी कुणाला सांगावं? त्या क्षणी हिशेब माणसावर सोडता येत नाही, तो बोटीवरच लिहिलेला हवा. ब्रिटनमध्ये सॅम्युएल प्लिम्सॉलनं झगडून 1876 साली मालवाहू जहाजांवर भाररेषा कायद्यानं काढायला लावली. आमच्या नदीकाठच्या प्रत्येक गावच्या बोटीवर तशी पांढरी रेघ, बाजूला माणसांचा आकडा, आणि तेवढीच जीवरक्षक जाकिटं हवीत. पट्टा एक, ब्रश एक, पाव किलो रंग. पावसाळ्याआधी अर्ध्या दिवसाचं काम आहे.