तळघरातला दवाखाना, फी पंचवीस सेंट

कॉमिक्सवेड्या मंडळींना फ्रेडरिक वर्थम हे नाव नवीन नाही. १९५४ साली 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' नावाचं पुस्तक लिहून ज्याने तमाम अमेरिकन आईबापांची झोप उडवली, बॅटमन आणि सुपरमॅनलाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, तोच हा मानसोपचारतज्ज्ञ. कॉमिक्सच्या जगात याच्याइतक्या शिव्या जोकरनेही खाल्ल्या नसतील!

पण याच माणसाने त्याआधी आठ वर्षं न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये एका चर्चच्या तळघरात एक दवाखाना सुरू केला होता. आजचा लेख त्या दवाखान्याबद्दल. खरं तर त्याहून मोठ्या एका प्रश्नाबद्दल: मन आजारी पडलं तर कृष्णवर्णीय माणसाने अमेरिकेत जायचं कुठे?

त्यासाठी आधी थोडा फ्लॅशबॅक.

१८४० च्या अमेरिकन जनगणनेत पहिल्यांदाच 'वेडे' वेगळे मोजले गेले. आकडे आले ते अजब. गुलामगिरी नसलेल्या उत्तरेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीयांमध्ये वेडाचं प्रमाण दक्षिणेच्या कितीतरी पट! दक्षिणेतल्या पुढाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं. बघा, स्वातंत्र्य यांना झेपत नाही, गुलामगिरीतच यांचं डोकं ठिकाणावर राहतं. परराष्ट्रमंत्री जॉन कॅल्हूनने १८४४ मध्ये हे आकडे थेट सरकारी पत्रव्यवहारात वापरले.

एडवर्ड जार्विस नावाच्या डॉक्टरने ते आकडे तपासायला घेतले, तर काही गावांत एकूण कृष्णवर्णीय रहिवाशांपेक्षा वेड्या कृष्णवर्णीयांची संख्या जास्त! आपल्याकडे एखाद्या ज्युनिअरने असा डेटा प्रॉडक्शनला टाकला तर दुसऱ्या दिवशी काय होईल याची कल्पना करा. जेम्स मॅक्यून स्मिथ यांनीही या आकड्यांचा समाचार घेतला. वैद्यकीय पदवी मिळवणारे ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन, आणि ती पदवी त्यांना घ्यावी लागली स्कॉटलंडमध्ये, कारण अमेरिकेत कुणी प्रवेश देईना. एवढं होऊनही ती जनगणना अधिकृतपणे कधीच दुरुस्त झाली नाही.

१८५१ मध्ये सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरने तर कमालच केली. गुलाम पळून का जातात? तो एक मानसिक आजार आहे, म्हणे! त्याला त्याने 'ड्रेपेटोमेनिया' असं भारदस्त ग्रीक नावही दिलं. आणि उपचार? चाबूक.

पुढे गुलामगिरी गेली, पण इस्पितळं वेगळीच राहिली. मेरिलँडमध्ये १९११ साली फक्त कृष्णवर्णीय मनोरुग्णांसाठी एक इस्पितळ उभं राहायला लागलं. ते बांधलं कुणी? तिथे आणलेल्या रुग्णांनीच. क्राउन्सव्हिल या नावाने ते पुढे २००४ पर्यंत चाललं.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच. 'हे लोक डॉक्टरकडे जातच नाहीत, त्यांच्यात मानसिक आजाराबद्दल फार संकोच असतो', असं आजही सर्रास ऐकू येतं. संकोच असेलही. तो कुठल्या समाजात नसतो? पण ज्या डॉक्टरांच्या आज्यांपणज्यांनी तुमच्या पळून जाण्याला रोग म्हटलं, त्यांच्या दारात पाऊल टाकताना दहादा विचार करणं याला संकोच म्हणायचं की अनुभव?

आता हार्लेमकडे येऊ. दक्षिणेतल्या जाचाला कंटाळून लाखो कृष्णवर्णीय उत्तरेच्या शहरांत आले होते. दाटीवाटीची घरं, चढं भाडं, मिळतील ती कामं. जवळच मॉर्निंगसाइड हाइट्सला कोलंबिया विद्यापीठ. हो, तेच, जिथे १९१३ ते १९१६ डॉ. आंबेडकर शिकत होते. एवढ्या मोठ्या वस्तीला परवडेल असा मानसोपचार मात्र जवळपास नव्हताच. खाजगी तज्ज्ञांची फी खिशाबाहेरची, आणि पैसे असले तरी अनेकजण कृष्णवर्णीय रुग्ण घेत नसत. पोरगं वाया जातंय असं वाटलं तर त्याला डॉक्टर भेटण्याआधी पोलिस भेटायचा.

वर्थम जर्मनीहून आलेला. हार्लेममध्ये दवाखाना काढायचं त्याच्या डोक्यात बरीच वर्षं घोळत होतं, पण पैसे द्यायला कुणी तयार नव्हतं. त्याचा मित्र होता रिचर्ड राइट, 'नेटिव्ह सन' या १९४० मध्ये गाजलेल्या कादंबरीचा लेखक. दोघांनी ठरवलं की पैशांची वाट बघत बसायचं नाही. सेंट फिलिप्स चर्चचे पाद्री शेल्टन हेल बिशप यांनी आपल्या इमारतीचं तळघर फुकट दिलं, आणि मार्च १९४६ मध्ये 'लाफार्ग क्लिनिक' सुरू झालं.

नावाचीही गंमत आहे. पॉल लाफार्ग हा क्यूबात जन्मलेला, मिश्र वंशाचा डॉक्टर आणि कार्ल मार्क्सचा जावई. त्याचं सगळ्यात प्रसिद्ध पुस्तक आळशीपणाच्या हक्कावर आहे! (वीकेंडला ब्लॉग लिहिणाऱ्याने त्याला नमस्कार केलाच पाहिजे.)

आता या दवाखान्याचं 'डिझाइन' बघा. वेळ मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळ, म्हणजे दिवसभर राबणाऱ्याला रजा टाकायला नको. जागा ओळखीच्या चर्चमध्ये, म्हणजे तिथे जाताना कुणी पाहिलं तरी हरकत नाही. फी पंचवीस सेंट, आणि तेवढेही नसतील तर राहू द्या. कोर्टात साक्ष द्यायला डॉक्टर हवा असेल तर पन्नास सेंट. डॉक्टर आणि समाजसेवक कृष्णवर्णीय आणि गोरे दोन्ही, आणि सगळे बिनपगारी. दवाखान्याची रोजची जबाबदारी होती हिल्डे मॉसे या डॉक्टरबाईंकडे. त्या स्वतः नाझींमुळे जर्मनी सोडून आलेल्या, त्यामुळे 'तुमचं सगळं तुमच्या मनात आहे' असं रुग्णाला सांगण्याच्या भानगडीत त्या पडणाऱ्या नव्हत्या. घराचा प्रश्न असेल तर घराचं बघा, नोकरीचा असेल तर नोकरीचं बघा, हाही तिथे उपचाराचाच भाग होता.

राल्फ एलिसनने या दवाखान्यावर १९४८ मध्ये एक निबंध लिहिला, 'हार्लेम इज नोव्हेअर'. तो छापून आला थेट १९६४ मध्ये.

आणि योगायोग म्हणजे त्याच १९४६ मध्ये, त्याच हार्लेममध्ये, आणखी एक केंद्र तळघरातच सुरू झालं. मेमी आणि केनेथ क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ जोडप्याचं. सुरुवातीचे पैसे मेमीच्या वडिलांकडून उसने घेतलेले. शाळांनी 'मतिमंद' ठरवून वेगळ्या वर्गात टाकलेल्या मुलांची त्यांनी चाचणी घेतली, तेव्हा त्यातली बरीचशी मुलं त्या वर्गात नियमानेही बसत नव्हती. हे नॉर्थसाइड सेंटर आजही चालू आहे.

१९५१ मध्ये डेलावेअर राज्यातली काही कृष्णवर्णीय आणि काही गोरी मुलं तपासणीसाठी लाफार्गच्या तळघरात आणली गेली. वेगळ्या शाळांविरुद्ध तिथे खटला चालू होता. वर्थमने कोर्टात साक्ष दिली की मुलांना वेगळं काढणं हाच मुळी मनावरचा आघात आहे, मग शाळेची इमारत कितीही चांगली असो. न्यायाधीशांनी १९५२ मध्ये मुलांच्या बाजूने निकाल दिला. हाच खटला पुढे 'ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' मध्ये सामील झाला, आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या. अपमानाने मनाला खरीखुरी इजा होते हे कोर्टाने मान्य करणं ही साधी गोष्ट नाही, हे महाराष्ट्रात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

इथेच थांबलो असतो तर छान 'फील गुड' लेख झाला असता. पण २०१२ मध्ये कॅरल टिली या संशोधिकेने वर्थमचे कागद तपासून दाखवलं की कॉमिक्सविरोधी पुस्तकासाठी त्याने पुराव्यात फेरफार केले होते. मुलांची वयं बदलली, अनेकांची बोलणी एकाच्या तोंडी घातली. त्यातली बरीच मुलं लाफार्गमध्ये येणारी. म्हणजे ज्या मुलांनी विश्वासाने काही सांगितलं, त्यांचं सांगणंच याने आपल्या दुसऱ्या मोहिमेसाठी वाकवलं. चांगलं काम केलेल्या माणसाला हे माफ असतं का? मला तरी नाही वाटत. दवाखाना आणि डॉक्टर यांचा हिशोब वेगवेगळा मांडावा हे बरं.

१९५८ मध्ये लाफार्ग बंद झालं. पुढे काय झालं? साठच्या दशकात नागरी हक्कांची चळवळ तापली तसं स्किझोफ्रेनियाचं लेबल कृष्णवर्णीय पुरुषांना जास्त चिकटायला लागलं. जोनाथन मेट्झलने मिशिगनमधल्या एका इस्पितळाच्या नोंदी चाळून हा बदल दाखवला आहे. १९७४ ची एका औषधाची जाहिरात तर मूठ आवळलेला रागावलेला कृष्णवर्णीय माणूस दाखवते. चाबूक गेला आणि गोळी आली, एवढंच. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने या सगळ्याबद्दल जाहीर माफी मागितली. १८५१ पासून मोजलं तर एकशे सत्तर वर्षं!

आज तिथे कायदे आहेत, विमा आहे, २०२२ पासून ९८८ हा तीन आकडी फोन नंबरही आहे. पण मानसोपचारतज्ज्ञांमध्ये कृष्णवर्णीय अजून शंभरात जेमतेम दोन. त्यामुळे आपलं ऐकून घेणारा डॉक्टर शोधताना लोक आजही आधी चर्चमध्ये, नाहीतर ओळखीपाळखीत विचारतात.

आपण सॉफ्टवेअरवाले 'अॅक्सेस' म्हटलं की अॅप काढायला धावतो. लाफार्गकडे काय होतं? एक तळघर, काही खुर्च्या, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी. पण कामाची वेळ, पाकीट आणि भीती, तिन्हींचा विचार कुणीतरी आधी केला होता. तेवढा केला की लोक येतात. हार्लेमचे आले होते.

असो. पुढच्या शनिवारी भेटूच.