डुप्लिकेट रबर लवकर का तडकतं? एका भेगेचा इतिहास

आमच्या घरची मारुती ८०० ही २००४ सालची. बाबा शाळेतून निवृत्त झाले, गाडी अजून नोकरीत आहे. मागच्या दिवाळीला घरी गेले तर वळण घेताना पुढच्या चाकातून कट-कट-कट असा आवाज यायला लागला होता. मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली, चाकामागे हात घातला आणि काळ्या ग्रीसने माखलेली बोटं बाहेर काढून म्हणाले, "गुरुजी, एक्सलचा बूट फाटलाय. माती आत गेली. जॉइंट गेला."

पहिला, कंपनीतून आलेला बूट अकरा वर्षं टिकला होता. बाजारातून आणून बसवलेला हा नवा बूट चौदा महिने. शे-दोनशे रुपयांचं रबर वाचलं नाही म्हणून काही हजारांचा जॉइंट बदलायची वेळ आली. "आता रबर पहिल्यासारखं राहिलं नाही, गुरुजी," मिस्त्री म्हणाले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. पोरगी रबरावर पीएचडी करते असं त्यांनी गावभर सांगितलेलं आहे, त्यामुळे उत्तर देणं भाग होतं. तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत बोलले. हा लेख म्हणजे तेच उत्तर, जरा नीट.

आधी बूट म्हणजे काय ते सांगते. पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते आणि ती वळतातही, म्हणून त्यांच्या एक्सलला सांधा लागतो. त्या सांध्यातलं ग्रीस आत आणि धूळ-पाणी बाहेर राहावं म्हणून त्यावर घड्याघड्यांचं रबरी आवरण असतं, हार्मोनियमच्या भात्यासारखं. चाक फिरलं की घड्या एका बाजूने दबतात, दुसऱ्या बाजूने ताणल्या जातात. मारुती ८०० चं बारा इंची चाक किलोमीटरला सहाशेहून जास्त फेरे घेतं. म्हणजे गावातून तालुक्याला जाऊन येईपर्यंत त्या रबराने काही हजार वेळा अंग मोडलेलं असतं.

आता इतिहास. झाडाचा चीक वाळवून मिळणारं कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत कडक. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये अमेरिकेत सापडलं की गंधक घालून तापवलं तर हा दोष जातो. आपल्याकडे टायरवाल्यांच्या पाटीवर 'व्हल्कनायझिंग' लिहिलेलं असतं, ते हेच. गंधक रबराच्या लांब साखळ्या एकमेकींना जागोजागी बांधतो. पण या साखळ्यांमध्ये कार्बनचे जे दुहेरी बंध असतात, त्यातले बहुतेक गंधकानंतरही तसेच शिल्लक राहतात. पुढची सगळी कथा या उरलेल्या बंधांची आहे.

दुसरी गोष्ट रंगाची. सुरुवातीचे टायर पांढुरके असायचे. १९०४ मध्ये लंडनच्या सिल्व्हरटाउन भागातल्या कारखान्यात काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळली की रबर भक्कम होतं असं लक्षात आलं आणि हळूहळू गाडीचं जवळजवळ सगळं रबर काळं झालं. यात ग्राहकाचं एक नुकसान झालं. काळ्या रबरात काय-काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. थोडीशी काजळी टाकून बाकी चुनखडीची भुकटी भरली तरी माल तितकाच काळाभोर दिसतो.

आता लॉस एंजेलिसला जाऊ, कारण भेगेचं गूढ तिथे उकललं. २६ जुलै १९४३ ला, ऐन महायुद्धात, या शहरावर धुरक्याचा असा थर उतरला की लोकांचे डोळे चुरचुरायला लागले आणि समोरच्या इमारती दिसेनात. जपान्यांनी विषारी वायू सोडला की काय, अशीही शंका काहींना आली. मग संशय एका कारखान्यावर गेला. तो कारखाना कृत्रिम रबरासाठी लागणारं ब्युटाडाइन बनवायचा! लोकांच्या दबावाखाली तो काही काळ बंद ठेवला, तरी धुरकं येतच राहिलं.

आरी हागेन-स्मिट नावाचे मूळचे नेदरलँड्सचे जीवरसायनशास्त्रज्ञ तेव्हा कॅल्टेकमध्ये होते. त्यांचा विषय काय, तर अननसाला वास कशामुळे येतो. अननसावरून हवा ओढायची, ती गोठवून त्यातली सुगंधी द्रव्यं पकडायची, असं त्यांचं काम. त्याच पद्धतीने त्यांनी धुरक्याची हवा पकडली. पुढच्या प्रयोगांतून त्यांनी दाखवलं की गाड्यांच्या आणि तेल कारखान्यांच्या धुरातले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की जमिनीलगतच्या हवेत ओझोन तयार होतो. १९५२ च्या त्यांच्या लेखाने या विषयाचा पाया घातला.

मला त्यातला सगळ्यात आवडतो तो रबराचा भाग. लॉस एंजेलिसमध्ये रबर फार लवकर तडकतं हे माहीत होतं. हागेन-स्मिट आणि त्यांचे सहकारी ब्रॅडली यांनी ती तक्रारच मोजपट्टी म्हणून वापरली. रबराची पट्टी दुमडून नळीत ठेवायची, तिच्यावरून शहराची हवा सोडायची आणि पहिली चीर कधी दिसते ते भिंगातून बघत बसायचं. स्वच्छ हवेत खूप वेळ लागायचा, धुरक्याच्या दिवशी काही मिनिटांत चिरा पडायच्या. त्यांचं ओझोन मोजायचं यंत्र म्हणजे दुमडलेली रबरी पट्टी!

पट्टी दुमडायची कशासाठी? ओझोनचा रेणू त्या उरलेल्या दुहेरी बंधावर हल्ला करतो आणि साखळी तिथेच तोडतो. रबर सैल पडलेलं असेल तर तुटलेली टोकं जवळच राहतात, वरचा पातळ थर खराब होतो आणि प्रकरण तिथेच थांबतं. रबर ताणलेलं असेल तर टोकं लांब जातात, खालचा ताजा भाग उघडा पडतो, तिथे पुन्हा ओझोन. अशी चीर खोल-खोल जाते, आणि नेहमी ताणाच्या दिशेला आडवी. घरी जुनी गाडी असेल तर ब्रेकच्या होजपाइपच्या वळणावर किंवा बुटाच्या घडीत बघा. समांतर, नेटक्या, आडव्या भेगा दिसल्या तर ते ओझोनचं काम. चिकट, लिबलिबीत किंवा फुगलेलं रबर दिसलं तर कारण वेगळं, बहुधा तेल किंवा उष्णता. (गाडीच्या धुरातून ओझोन होतो आणि तो गाडीचंच रबर खातो, हा न्यायही बघण्यासारखा आहे.)

हवेत ओझोन असतो किती? अब्ज भागांत काही दहा भाग. इतक्या कमी वायूने रबर फाटतं यावर माझा स्वतःचा विश्वास प्रयोगशाळेत बघेपर्यंत बसला नव्हता.

महायुद्धानंतर हाच त्रास अमेरिकन लष्कराला झाला. गाड्या आणि त्यांचं रबरी सामान साठवून ठेवलेलं, आणि न वापरताच रबर तडकलेलं. तोपर्यंतचा उपाय म्हणजे मेण. रबरात मेण मिसळलं की ते हळूहळू पृष्ठभागावर येऊन पातळ पापुद्रा बनतो आणि ओझोनला अडवतो. पण तो पापुद्रा रबराइतका लवचीक नसतो. रबर हलायला लागलं की तो फुटतो आणि ओझोन नेमका त्या फटीतून आत शिरतो. रॉक आयलंड आर्सेनल या लष्करी प्रयोगशाळेतल्या लोकांनी १९५४ मध्ये सांगितलं की पॅराफेनिलीनडायअमाइन कुळातली रसायनं हलत्या रबरालाही वाचवतात. ही रसायनं ओझोनचा घाव स्वतःवर घेतात. पृष्ठभागावरची खर्ची पडली की आतली वर सरकतात. टायरच्या बाजूवर कालांतराने जो तपकिरी थर दिसतो त्यात यांचा मोठा हात असतो. आज त्यातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं रसायन म्हणजे ६-पीपीडी.

दुसरा मार्ग रबरच बदलण्याचा. ड्यूपॉन्टच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९३० च्या सुमारास निओप्रीन शोधलं. त्याच्या साखळीत क्लोरीन असल्यामुळे दुहेरी बंध ओझोनला सहज दाद देत नाही, शिवाय ग्रीसने ते फारसं फुगत नाही. म्हणूनच एक्सलच्या बुटांसाठी निओप्रीन वर्षानुवर्षं वापरलं गेलं.

आता आमच्या बुटाकडे. दोन्ही फाटके बूट मी पिशवीत घालून प्रयोगशाळेत आणले (अकरा वर्षं चाललेला बाबांनी माळ्यावर ठेवला होता, ते काही टाकत नाहीत). तांब्याची तार तापवून रबराला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची, ही जुनी चाचणी. क्लोरीन असेल तर ज्योत हिरवी होते. हे घरच्या गॅसवर करू नका, धूर वाईट असतो. जुन्या बुटाने हिरवी ज्योत दिली. नव्याने नाही, म्हणजे तो निओप्रीनचा नव्हताच. मग दोन्हींचे तुकडे भट्टीत जाळले. जुन्याची राख चिमूटभर, नव्याची पांढरीशुभ्र आणि भरपूर. त्यावर आम्लाचे थेंब टाकले तर फसफसून आली. चुनखडी! नवा बूट फाटायच्या आधी दिसायला छान तुकतुकीत होता, असं बाबा सांगतात. मला वाटतं ते मेण असावं. मेणाचा माल दुकानाच्या फळीवर वर्षभर नवा दिसतो, कारण तिथे तो हलत नाही. गाडीला लागला की पहिल्या दिवसापासून किलोमीटरला सहाशे वेळा त्याचा पापुद्रा मोडतो.

तर मिस्त्रींचं म्हणणं अर्धंच खरं. रबराचं झाड तेच आहे. एखादा भाग समोर ठेवून त्याचा साचा कुणीही बनवू शकतो, मापही बिनचूक येतं. पण पाककृती नमुन्यावरून दिसत नाही. कुठलं रबर, किती काजळी, किती ओझोनरोधक, किती अंशांवर किती मिनिटं शिजवलं, हे सगळं काळ्या रंगाखाली झाकलेलं. आणि खर्च कमी करायचा तर पहिली कात्री तिथेच लागते, कारण ओझोनरोधक नसल्याचं विकताना कुणाला कळत नाही, वर्षाने कळतं. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. अशा गाड्यांचे मालक स्वस्तच मागतात, हेही खरं. आम्हीही तेच मागितलं होतं.

सगळा दोष डुप्लिकेटवर ढकलू नका. लोअर आर्मचा बुश घ्या. त्यात रबर धातूला चिकटवलेलं असतं, ते सरकत नाही, फक्त पिळलं जातं. बरेच मेकॅनिक गाडी जॅकवर असतानाच, चाक लोंबकळत असताना, त्याचा बोल्ट करकचून आवळतात. गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं. ताणलेलं रबर आणि ओझोन यांचं काय होतं ते वर सांगितलंच. तिथे ओरिजिनल बुशही लवकर जातो. बोल्ट हाताने बसवावा आणि गाडी चाकांवर उभी राहिल्यावर शेवटचा आवळावा. हे मी आमच्या मिस्त्रींना जपून सांगितलं. ते म्हणाले, "ताई, खड्ड्यावर गाडी घेऊन आवळतो मी. जॅकवर आवळणारे दुसरे." मीच खजील झाले. तसंच, 'ओरिजिनल' म्हणून मिळणारा माल दहा-बारा वर्षं गोदामात पडलेला असेल तर त्याचंही आयुष्य तिथे थोडं सरलेलं असतं.

या कथेला अलीकडे एक वाईट वळण लागलं. अमेरिकेतल्या सिएटलच्या आसपासच्या ओढ्यांत पाऊस पडला की कोहो जातीचे सॅमन मासे अंडी घालण्याआधीच मरायचे. बरीच वर्षं कारण कळत नव्हतं. डिसेंबर २०२० मध्ये 'सायन्स'मध्ये उत्तर छापून आलं: टायरच्या झिजेतून निघालेलं ६-पीपीडी ओझोनशी भिडलं की त्यातून एक क्विनोन तयार होतं आणि ते अगदी थोडं असलं तरी हे मासे मारतं. म्हणजे रसायन जे काम करायला ठेवलंय, तेच करताना विष बनतं. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये ६-पीपीडी असलेल्या टायरांसाठी सुरक्षित पर्याय शोधणं उत्पादकांना बंधनकारक केलं. माझं काम या पर्यायांपैकी काही रसायनं रबरातून पृष्ठभागाकडे किती वेगाने सरकतात ते मोजण्याचं. फार वेगाने आली तर पावसात धुऊन जातात, फार हळू आली तर रबर तोवर तडकलेलं असतं. मला काळजी आहे ती अशी, की मोठे टायरवाले पर्याय शोधतील, त्यांच्याकडे प्रयोगशाळा आहेत. बूट, बुश, माउंटिंग बनवणाऱ्या चार प्रेसच्या छोट्या कारखान्याला ते कोण शिकवणार? त्याने आजवर १९५४ चा धडाही घेतलेला नसेल तर?

तिसरा बूट आणताना मिस्त्रींनी मला आधी दाखवला. त्याच्या कडेला साच्यातून सुटलेली जादा पापडी होती, ती ब्लेडने कापून घेतली. ज्योत हिरवी आली. दुप्पट पैसे पडले. बसवून सात महिने झालेत, आणि बाबा दर रविवारी सकाळी बॅटरी घेऊन पुढच्या चाकामागे डोकावतात, मग मला फोन करून सांगतात की अजून काही नाही.