बैठकीतला समुद्र : खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाचा इतिहास

#थ्रेड

१/
काचेच्या टाकीत समुद्राचे पाणी भरून त्यात मासे सोडले, तर काय होईल? पहिले दोन दिवस काहीच नाही. मग पाणी गढूळ होते, त्याला वास सुटतो आणि आठवडाभरात टाकीतले जीव मरू लागतात. समुद्रात न कुजणारे पाणी घरात का कुजते, हे उमगायला विज्ञानाला जवळजवळ शंभर वर्षे लागली. आजचा धागा त्या शंभर वर्षांचा.

२/
कथेचा आरंभ इटलीत होतो. जान विलप्रू-पॉवर ही १७९४ साली फ्रान्सच्या एका खेड्यात जन्मलेली मुलगी. पॅरिसमध्ये ती कपडे शिवण्याचे काम करी. १८१८ साली इंग्रज व्यापारी जेम्स पॉवर यांच्याशी विवाह करून ती सिसिलीतील मेसिना बंदरात स्थायिक झाली. निसर्गविज्ञानाचे औपचारिक शिक्षण तिला नव्हते. समोर समुद्र मात्र होता.

३/
त्या काळी एका प्रश्नावर विद्वानांत वाद होता. आर्गोनॉट हा ऑक्टोपसच्या कुळातला प्राणी. त्याची मादी कागदासारख्या पातळ शिंपल्यात राहते. हा शिंपला तिचा स्वतःचा, की शंखात घुसणाऱ्या खेकड्याप्रमाणे दुसऱ्याचा बळकावलेला? मेलेले नमुने पाहून उत्तर मिळणे अशक्य होते. जिवंत आर्गोनॉट डोळ्यांसमोर ठेवणे भाग होते.

४/
म्हणून १८३२ च्या सुमारास जानने काचेच्या टाक्या तयार करवून घेतल्या. काही घरात ठेवण्याच्या, तर काही पिंजऱ्यात बसवून समुद्रातच बुडवण्याच्या. त्यांत तिने आर्गोनॉटची वाढ अगदी अंड्यापासून पाहिली. शिंपल्याला भोक पाडले, तर मादी ते स्वतःच्या स्रावाने बुजवते हेही पाहिले. निर्णय लागला : शिंपला तिचाच.

५/
१८३८ साली तिचे संग्रह आणि कागदपत्रे वाहून नेणारे जहाज बुडाले. वर्षानुवर्षांचे काम समुद्रतळाशी गेले. पुढे तिचे नावही बहुतेकांच्या स्मरणातून पुसले गेले. १९९७ साली शुक्र ग्रहावरील एका विवराला तिचे नाव देण्यात आले. सागरी प्राण्यांच्या अभ्यासासाठी काचेची टाकी वापरण्याचा मान आज इतिहासकार तिलाच देतात.

६/
तथापि मेसिनात समुद्र दाराशी होता. पाणी बिघडले की बदलता येई. खरी कसोटी समुद्रापासून दूरच्या शहरात होती. १८४६ साली ॲना थाइन ही लंडनची स्त्री टॉर्की येथील किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ घेऊन घरी परतली. तिचे पती वेस्टमिन्स्टर ॲबीतील धर्माधिकारी होते. म्हणजे घर लंडनच्या ऐन मध्यभागी.

७/
आरंभी ती किनाऱ्यावरून आणवलेले ताजे पाणी घालीत असे. ते अपुरे पडू लागले, तेव्हा तिने एक उपाय योजला : पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहायचे, म्हणजे त्यात हवा मिसळते. हे काम रोज अर्धा-पाऊण तास घरची मोलकरीण करी. पुढच्या वर्षी थाइनबाईंनी पाण्यात समुद्रशैवाल ठेवले. प्रवाळ जवळजवळ तीन वर्षे जगले.

८/
येथे क्षणभर थांबावे. आज टाकीत विजेचा पंप जे काम करतो, ते लंडनमध्ये प्रथम एका मोलकरणीच्या हातांनी केले. प्रयोगाच्या वृत्तांतात तिचे काम आहे, नाव नाही. इतिहासाच्या साधनांत ‘कोण दिसत नाही’ हा प्रश्न आपण राजेरजवाड्यांच्या दरबारांबाबत विचारतो. विज्ञानाच्या इतिहासालाही तो तितकाच लागू आहे.

९/
आता रसायनशास्त्राकडे वळू. वनस्पती प्रकाशात प्राणवायू सोडतात, हे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रीस्टली व इंगेनहाऊझ यांच्या प्रयोगांतून कळले होते. १८४९ साली रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनज्ञाने गोड्या पाण्यात सोनमासे आणि पाणवनस्पती एकत्र ठेवल्या. मासे जगले, पण वनस्पतींची कुजकी पाने पाणी नासवू लागली.

१०/
वॉरिंग्टन यांनी त्यात गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी निवळले. वनस्पती, प्राणी आणि सफाई करणारा तिसरा घटक, असा हा समतोल. १८५० साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि १८५२ पासून तेच तत्त्व समुद्राच्या पाण्याला लावून पाहिले. मत्स्यालय म्हणजे नुसते भांडे नव्हे, ती एक व्यवस्था आहे, हा विचार येथे रुजला.

११/
या विचाराला घराघरांत नेले फिलिप हेन्री गॉस यांनी. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, त्याच्या उभारणीत त्यांचा हात होता. १८५४ साली त्यांचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक निघाले. ‘ॲक्वेरियम’ हा शब्द आजच्या अर्थाने रूढ झाला तो त्यामुळेच.

१२/
समुद्र दूर असलेल्यांनी काय करावे? गॉस यांनी समुद्राच्या पाण्याच्या रासायनिक पृथक्करणाचा आधार घेऊन कृत्रिम पाण्याची कृतीच दिली : साधे मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. आज दुकानात मिळणारे ‘मरीन सॉल्ट’ अनेक घटकांनी समृद्ध असते. पण त्यामागील कल्पना हीच आहे.

१३/
आणि मग लाटच आली. काचेवर वजनाने आकारला जाणारा अबकारी कर १८४५ साली रद्द होऊन काच स्वस्त झाली होती. रेल्वेने मध्यमवर्ग समुद्रकिनारी पोहोचत होता. विल्यम ॲल्फर्ड लॉइड यांनी लंडनमध्ये टाक्या, समुद्राचे पाणी आणि जिवंत प्राणी विकणारे दुकान थाटले. समुद्रफुले ठेवलेली टाकी हे सुसंस्कृत बैठकीचे लक्षण ठरले.

१४/
परंतु हौशी लोक दोन गोष्टी विसरत. एक म्हणजे टाकीत फार जीव कोंबणे. दुसरी मिठाची. टाकीतून बाष्प होऊन जाते ते पाणी, मीठ नव्हे. घटलेल्या पाण्याच्या जागी पुन्हा खारे पाणी घातले, तर क्षारता चढत जाते. तेथे गोडे पाणीच हवे. हा नियम आजही तसाच आहे : लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार, विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास, आणि त्यात स्थैर्य.

१५/
१८६० च्या दशकात ही लाट ओसरली. लॉइड यांचे दुकान १८६२ साली दिवाळखोरीत गेले. पण मनुष्य जिद्दीचा. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील भव्य मत्स्यालयात त्यांनी टाक्यांखाली कित्येक पट मोठा अंधारा जलसाठा ठेवला आणि पंपाने पाणी अखंड फिरवत ठेवले. आजच्या हौशी लोकांची टाकीखालची ‘संप’ ही त्याच विचाराची धाकटी आवृत्ती.

१६/
लाटेची किंमत मात्र किनाऱ्यांनी मोजली. ओहोटीच्या वेळी खडकांतील डबकी हजारो हातांनी उपसली गेली. गॉस यांचे पुत्र एडमंड यांनी १९०७ साली ‘फादर अँड सन’ या आत्मकथनात लिहिले आहे, की बालपणी पाहिलेले ते जीवसमृद्ध किनारे संग्राहकांच्या झुंडींनी उजाड केले, आणि आपल्याच पुस्तकांनी ही वाट दाखवली याचे वडिलांना दुःख होते. समुद्रावर प्रेम करायला शिकवणारे पुस्तकच समुद्राला महाग पडले.

१७/
पाणी का कुजते, याचे पूर्ण उत्तर अजून यायचे होते. माशांच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. १८७७ साली श्लोझिंग आणि म्युन्ट्झ यांनी दाखवले, की अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर सूक्ष्मजीव घडवतात. १८९० च्या सुमारास विनोग्रॅड्स्की यांनी ते जीवाणू वेगळे केले. अमोनियापासून नायट्राइट, नायट्राइटपासून तुलनेने सौम्य नायट्रेट : टाकीचा खरा सफाई कामगार हा.

१८/
म्हणूनच आज नवी टाकी भरल्यावर मासे आणण्यापूर्वी साधारण चार ते सहा आठवडे थांबावे, असे सांगतात. तो काळ ‘रिकामा’ नसतो. त्यात दगडांवर आणि वाळूवर जीवाणूंची वसाहत उभी राहते. १९६१ साली जकार्ताच्या ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत खडक टाकीत ठेवून प्रवाळ जगवण्याची पद्धत एका मासिकात मांडली. गॉस यांनी शैवालावर टाकलेला भार त्यांनी खडकांतल्या अदृश्य जीवांवर टाकला.

१९/
आपल्याकडे? मुंबईत मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांनी समुद्राच्या पोटातले जग प्रथम तेथेच पाहिले. आणि व्हिक्टोरियन इंग्लंडला जे सुचले नाही, ते आपल्या कायद्यात आहे : वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये खडकनिर्माते प्रवाळ २००१ पासून संरक्षित आहेत. मालवणच्या समुद्रातले प्रवाळ उपटून घरी आणणे हा गुन्हा आहे.

२०/
तेव्हा कोणाच्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी दिसली, तर रंगीत माशांपलीकडेही पाहावे. त्या काचेमागे मेसिनाची एक शिवणकाम करणारी स्त्री आहे, निनावी मोलकरणीचे दुखरे हात आहेत, दिवाळखोर दुकानदाराचा पंप आहे आणि उजाड झालेला एक किनारा आहे. टाकी घ्यायचीच असेल, तर प्राणी कोठून आले हे दुकानदाराला आधी विचारा, आणि भरल्यावर सहा आठवडे धीर धरा.

धागा समाप्त. शंका, दुरुस्त्या आणि भर यांचे स्वागत आहे.