नेते नगरच्या किल्ल्यात, बातम्या ४२.३४ मीटरवर

नगरचा भुईकोट किल्ला म्हटलं की तुम्हाला नेहरू आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ आठवणार. पण ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरू, पटेल, मौलाना आझाद, शंकरराव देव यांना तिथं आणलं, तेव्हा बाहेर काय चाललं होतं? सरकारचा हिशोब सरळ होता: नेते कुठं आहेत ते कळू द्यायचं नाही, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसवायचा. रेडिओ तर सरकारचाच. बातमीच नाही, तर चळवळ किती दिवस टिकणार?

हा हिशोब चुकवणाऱ्यांत मुंबईतली बावीस वर्षांची उषा मेहता होती. काँग्रेस रेडिओ २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर सुरू झाला. जागा सांगताना फक्त ‘भारतातून कुठूनतरी’ एवढंच म्हणायचे. प्रत्यक्षात मुंबईतच एका घरातून दुसऱ्या घरात ट्रान्समीटर हलवत राहायचे. बातम्या हिंदुस्थानी आणि इंग्रजीत, आणि त्या आणायला देशभरातून माणसं यायची. चिमूर-आष्टीत काय घडलं, जमशेदपूरचा संप, चितगाववरचा बॉम्बहल्ला, असल्या गोष्टी छापायची पेपरांची हिंमत नव्हती. त्या इथं ऐकायला मिळायच्या. राममनोहर लोहियांचीही भाषणं झाली.

मग आज हे सगळं आपल्याला कळतं कसं? गंमत बघा. भूमिगत माणसं कागद जपून ठेवत नाहीत, पण पोलीस ठेवतात. रोजचं प्रसारण ऐकून ते शब्द उतरवून घेत होते, खटल्यासाठी. ज्यांना हा आवाज बंद करायचा होता, त्यांच्याच फायलींतून तो आपल्यापर्यंत आला. अर्थात अशी कागदपत्रं जपून वाचावी लागतात. ऐकणारा शिपाई किंवा कारकून काय गाळतोय, काय चुकीचं ऐकतोय, हे प्रत्येक पानावर तपासायचं असतं.

१२ नोव्हेंबरला छापा पडला. ‘वंदे मातरम्’ चालू होतं, ते थांबवायला उषाताईंनी नकार दिला, असं त्या पुढे सांगत. मग कित्येक महिने चौकशी. कोर्टात त्यांनी न्यायाधीशांना आधी विचारलं की उत्तर देणं सक्तीचं आहे का. नाही, असं कळल्यावर त्या एका प्रश्नालाही बोलल्या नाहीत. रोज बातम्या सांगणाऱ्या बाईंनी तिथं मात्र तोंड उघडलं नाही! शिक्षा चार वर्षांची, येरवड्यात.

नेहरू मार्च १९४५ मध्ये नगरहून हलवले गेले. उषाताई १९४६ मध्ये सुटल्या. त्यांनी गांधींच्या विचारांवर पीएचडी केली, मुंबईत अनेक वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळालं. ११ ऑगस्ट २००० रोजी त्या गेल्या. सगळी ‘कारकीर्द’ धरली तर मायक्रोफोनसमोर तीन महिनेसुद्धा पुरे झाले नव्हते.